फिरत्या घराच्या बॅटरीचा जमाखर्च

पुण्याहून सकाळीं निघालेलें एखादें कुटुंब नगर ओलांडतें, छत्रपति संभाजीनगरच्या सडकेनें घोडेगांवापर्यंत येतें आणि तेथें वळून थोड्याच वेळांत शनिशिंगणापुरास पोंचतें. त्याच्या मोटारीमागें चाकांवरचें घर जोडलेलें असेल, तर मुक्कामासाठीं खोली शोधण्याचें कारण उरत नाहीं. दोन-तीन खाटा, शेगडी, पाण्याची टांकी, पंखे, दिवे आणि लहानशी शीतपेटी एवढा संसार मागोमाग येतच असतो. अशीं ओढावयाचीं घरें पाश्चात्त्य देशांत फार दिवसांपासून रूढ आहेत. आपल्याकडे तीं तुरळक. येथें बहुधा मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेलीं फिरतीं घरें दिसतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हान-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें, तेव्हांपासून हा परका शब्द वर्तमानपत्रांतून मराठी वाचकांच्या कानांवर पडूं लागला. घर ओढावयाचें असो कीं स्वतः चालणारें असो, त्याच्या पोटांत एक बॅटरी असते, आणि मुक्कामाच्या रात्रीं सारें घर त्या एका बॅटरीच्या जिवावर असतें.

समजा, त्या कुटुंबांत आजी आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. शीतपेटींत दुधाच्या पातेल्याशेजारीं इन्शुलिनच्या कुप्या ठेवलेल्या आहेत. न फोडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंश सेंटिग्रेडमध्यें ठेवावें असा नियम आहे, आणि नगर जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळिशीला टेकतो. रात्रीं जेवणें झालीं, दिवे मालवले, पंखे लावून मंडळी झोंपलीं. पहांटे दर्शनाला जाण्यासाठीं उठून कुणी दिवा लावला, तों तो लख्ख लागला. बॅटरी ठीक आहे असा सर्वांचा समज झाला. परंतु शीतपेटी मध्यरात्रींनंतर केव्हांतरी मुकाट्यानें बंद पडलेली होती. बॅटरीचा दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं शीतपेटी आपण होऊन थांबते. दिव्यांना मात्र तेवढ्या क्षीण दाबावरही जळतां येतें. दिवा हा येथें खोटा साक्षीदार ठरतो. कुप्यांतील औषध किती तास तापलें, हें मग कोणीच सांगूं शकत नाहीं.

बॅटरींत किती विद्युत्शक्ति शिल्लक आहे हें पाहणें वाटतें तितकें सोपें नाहीं. रांजणांतलें पाणी झांकण उचलून पाहतां येतें. बॅटरीला तसें झांकण नाहीं. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असून स्वस्थ असेल तर तिच्या टोंकांवर सुमारें १२.७ व्होल्ट दाब मिळतो, अर्धी रिकामी झाली कीं तो १२.२ च्या आसपास येतो. म्हणजे भरलेली आणि अर्धी यांमधला फरक अवघा अर्धा व्होल्ट. आणि तोही बॅटरी कांहीं तास अगदीं स्वस्थ ठेवल्यानंतर मोजला तरच खरा. भरणा चालू असतांना अर्धी बॅटरीही साडेतेरा व्होल्ट दाखवून मालकास फसवते, आणि मोठा बोजा पडला असतां चांगली भरलेली बॅटरीही क्षणभर पावणेबारावर उतरून घाबरवते. राहत्या घरांत शीतपेटी मधून मधून चालू होणार, पंखा फिरणार, कुणी नळ सोडला कीं पंप घुरघुरणार. त्यांत बॅटरीला स्वस्थता कुठली? म्हणून भिंतीवर नुसता व्होल्टमापक लावून भागत नाहीं. पूर्वीचे जाणकार हायड्रोमीटरनें आम्लाचें विशिष्टगुरुत्व पाहत. ती रीत आजही उत्तम आहे, पण बूच नसलेल्या बंद बॅटऱ्यांत नळी घालणार कोठून?

येथें बॅटरीच्या पोटांत काय घडतें हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला घट केला. आजची शिशाची बॅटरी त्याच वंशांतली आहे. तिच्यांत एका बाजूस शिसें, दुसऱ्या बाजूस शिशाचें डायऑक्साइड आणि मध्यें सौम्य गंधकाम्ल असतें. वीज काढूं लागलें कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें आणि आम्ल पाण्यासारखें पातळ होत जातें. वीज परत भरली कीं हेंच उलट घडतें. सल्फेट ताजें असतां सहज विरघळतें, पण बॅटरी फार रिकामी करून तशीच पडूं दिली तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि ते मग निघत नाहींत. म्हणूनच शिशाच्या बॅटरींतील अर्ध्याहून अधिक शक्ति सहसा काढूं नये, असा व्यवहारांतला दंडक पडला आहे.

शिंगणापुरांत बसून शिशाचा विचार करतांना एक गंमत सहज आठवते. युरोपांतले जुने किमयागार प्रत्येक ग्रहास एक धातु देत, आणि शनीच्या वांट्यास त्यांनीं शिसें दिलें होतें. शिशाच्या विषबाधेस तिकडे अजूनही शनीच्याच नांवावरून शब्द आहे. आपल्याकडे शनीचा धातु लोखंड. अलीकडे फिरत्या घरांतून लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची नवी बॅटरी येऊं लागली आहे. तेव्हां जुनी बॅटरी तिकडच्या शनीची आणि नवी इकडच्या शनीची, असें कोणी म्हटल्यास त्याला नाहीं म्हणतां येणार नाहीं. या नव्या बॅटरीचा एक गुण असा कीं ती बरीचशी रिकामी केली तरी चालते. आणि एक खोडी अशी कीं जवळजवळ शेवटपर्यंत तिचा दाब फारसा हालतच नाहीं. तिच्याबाबतींत व्होल्टमापक पाहून शिल्लक ओळखणें म्हणजे बंद पेटी हातांत धरून आंतले पैसे सांगण्यासारखें आहे.

मग उपाय कोणता? वाण्याच्या दुकानांतला. दुकानदार गल्ल्याकडे पाहून पैशांचा अंदाज करीत नाहीं. तो जमा आणि खर्च लिहितो आणि वजाबाकी करतो. बॅटरी मॉनिटर हेंच करतो. किती ॲम्पिअर प्रवाह किती वेळ बाहेर गेला, किती आंत आला, हें तो क्षणाक्षणाला मोजून मांडतो. एक ॲम्पिअर प्रवाह एक तास वाहिला म्हणजे एक ॲम्पिअर-तास खर्च झाला. बॅटरी १५० ॲम्पिअर-तासांची असेल आणि ३० गेले असतील, तर १२० शिल्लक. मॉनिटरच्या तबकडीवर ८० टक्के असा आंकडा दिसतो.

प्रवाह मोजण्यासाठीं तो ज्या भागावर अवलंबून असतो त्याला शंट म्हणतात. शंट म्हणजे दोन पितळी ठोकळ्यांमध्यें जोडलेल्या, बहुधा मँगॅनिन नांवाच्या मिश्रधातूच्या पट्ट्या. तांबें, मँगॅनीज आणि निकेल यांच्या या मिश्रणाचा विशेष हा कीं तापलें तरी त्याचा विरोध फारसा बदलत नाहीं. नेहमीच्या शंटवर ‘५०० ॲम्पिअर, ५० मिलिव्होल्ट’ असें कोरलेलें असतें. त्याचा अर्थ, पांचशें ॲम्पिअर वाहिले तर त्याच्या दोन टोंकांमध्यें ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. दहा ॲम्पिअरला एक मिलिव्होल्ट. ओहमच्या नियमानें त्याचा विरोध एका ओहमच्या दहा हजाराव्या भागाइतका होतो. एवढ्या नगण्य विरोधामुळें प्रवाहास अडथळा होत नाहीं, आणि तेवढा सूक्ष्म दाब मोजून मॉनिटर प्रवाहाचा आंकडा काढतो.

शिंगणापूरची ख्याति सर्वांना ठाऊक आहे. तेथील घरांना चौकटी आहेत, पण दारें नाहींत. शनिदेवाची काळी शिळाही उघड्या चौथऱ्यावर, छपरावांचून उभी आहे. २०११ सालीं यूको बँकेनें येथें शाखा काढली, तीही कुलपावांचून. शंटचें काम समजावयास हीच चौकट उपयोगी पडते. चौकट कोणाला अडवीत नाहीं. पण घरांत जाणारें-येणारें प्रत्येक माणूस तिच्यांतूनच गेलें पाहिजे, तरच उंबऱ्यावर बसून मोजणाऱ्याचा हिशेब खरा. परसाकडून एक जरी वाट राहिली तरी मोजणी फुकट. मॉनिटर बसविण्याची सगळी विद्या या एका वाक्यांत आहे, आणि बसविणारे चुकतात तेही येथेंच.

काम हातीं घेण्यापूर्वीं घरांतले सर्व दिवे-पंखे बंद करावे, बाहेरून वीज घेतली असल्यास ती खुंटी काढावी, आणि छपरावर सूर्यप्रकाशावर चालणारें पॅनेल असेल तर त्याची तार नियामकापासून आधीं सोडवावी. बोटांतली अंगठी आणि मनगटावरचें घड्याळ काढून ठेवावें. बारा व्होल्टनें माणसास धक्का बसत नाहीं हें खरें. पण अंगठी आणि पाना यांच्यामधून बॅटरीचा प्रवाह वाहिला तर बोट भाजून निघतें. नंतर ऋण टोंकाची केबल प्रथम सोडावी, धन टोंकाची मागाहून. यालाही कारण आहे. गाडीचा लोखंडी सांगाडा बहुधा ऋण टोंकास जोडलेला असतो. आधीं धन टोंक सोडावयास गेलें आणि पान्याचें दुसरें टोंक सांगाड्यास लागलें, तर तेथेंच ठिणग्यांचा पाऊस पडेल. ऋण टोंक सुटलेलें असलें म्हणजे ही भीति उरत नाहीं.

शंट बॅटरीच्या जवळ, पण कोरड्या जागीं लांकडी फळीवर पक्का बसवावा. पाणी घालावयाची बॅटरी असेल तर तिच्याच पेटींत शंट ठेवूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु आणि आम्लाचे सूक्ष्म तुषार निघतात, आणि पितळेवर हिरवट थर चढावयास वेळ लागत नाहीं. आतां बॅटरीच्या ऋण टोंकापासून शंटच्या बॅटरीकडील ठोकळ्यापर्यंत एक आंखूड, जाड केबल न्यावी. तिच्या दोन्ही टोंकांस थिंबल नीट दाबून बसवलेलें असावें. नुसती तार पिळून बोल्टाखालीं दडपूं नये. यापूर्वीं ऋण टोंकावर ज्या ज्या तारा होत्या, त्या सर्व शंटच्या दुसऱ्या ठोकळ्यावर आणाव्या: सांगाड्याची, दिव्या-पंख्यांची, इन्व्हर्टरची, चार्जरची, पॅनेलच्या नियामकाची. बॅटरीच्या ऋण टोंकावर शंटची एक केबल सोडून दुसरी कसलीही तार राहतां कामा नये. इन्व्हर्टर बसविणाऱ्यानें आपली जाड काळी केबल सवयीनें थेट बॅटरीला जोडलेली असते आणि ती तशीच राहून जाते. मग सर्वांत मोठा खर्च हिशेबाबाहेर राहतो आणि मॉनिटर रात्रभर नव्वद टक्के दाखवीत बसतो.

मॉनिटरला स्वतःला जगण्यापुरती वीज लागते आणि दाबही मोजावयाचा असतो. त्यासाठीं धन टोंकापासून एक बारीक लाल तार त्याच्याकडे जाते. या तारेवर बॅटरीच्या अगदीं जवळ लहानसा फ्यूज हवाच. बारीक तार आहे, तींतून काय होणार, असें म्हणणाऱ्यानें लक्षांत ठेवावें कीं बारीक तारच आधीं पेटते. शेवटीं तबकडीची तार भिंतीच्या आंतून ओढून दाराजवळ, सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं तबकडी बसवावी. मग धन टोंक प्रथम, ऋण टोंक शेवटीं जोडावें, आणि पॅनेलची तार त्यानंतर.

लगेच परीक्षा घ्यावी. २४ वॅटचा एकच पंखा लावला तर तबकडीवर सुमारें २ ॲम्पिअर, मागें वजाचें चिन्ह, असें दिसलें पाहिजे. वजाऐवजीं अधिक दिसलें तर शंट उलटा जोडला गेला आहे. शून्य दिसलें तर त्या पंख्याची ऋण तार परसाकडल्या वाटेनें जाते आहे. त्यानंतर सर्व कांहीं बंद करून पाहावें. तरीही ०.३ ॲम्पिअर जात असल्याचें दिसलें, तर घरांत कुठेंतरी एक चोर आहे. तो चोवीस तासांत ७ ॲम्पिअर-तास नेतो. बहुधा तो रेडिओ, किंवा वापर नसतां चालू राहिलेला एखादा रूपांतरक असतो.

यानंतर मॉनिटरला कांहीं गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे बॅटरीची धारणा. बॅटरीवर १५० ॲम्पिअर-तास लिहिलेलें असतें, पण तो आंकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा, म्हणजे साडेसात ॲम्पिअरचा असतो. घाईनें काढल्यास तेवढें मिळत नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यानें १८९७ सालीं याचा नियम मांडला, आणि त्याच्या नांवाचा घातांक मॉनिटरमध्यें भरावा लागतो. हा घातांक १.२ धरला आणि साडेसाताच्या तिप्पट, म्हणजे साडेबावीस ॲम्पिअर काढले, तर बॅटरी पावणेसात तासांऐवजीं सुमारें सव्वापांच तासच टिकते. दीडशेंच्या जागीं एकशेंवीसच हातीं लागतात. लिथियमच्या बॅटरींत हा घातांक जवळजवळ एक असतो, म्हणजे तिला घाईचें फारसें वावडें नाहीं. दुसरी गोष्ट भरण्यांतली तूट. शिशाच्या बॅटरींतून शंभर काढले तर परत भरतांना एकशेंदहा-पंधरा घालावे लागतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची: बॅटरी भरली हें ओळखावें केव्हां? दाब चार्जरच्या अखेरच्या दाबाच्या जवळ टिकून असेल आणि आंत जाणारा प्रवाह धारणेच्या दोन-चार टक्क्यांपर्यंत घटून कांहीं मिनिटें तेथेंच राहिला असेल, तेव्हां. त्या क्षणीं मॉनिटर आपला आंकडा शंभरावर आणून नवें पान उघडतो. पॅनेल असलेल्या घरांत येथें एक धोका आहे. ढग आला कीं प्रवाह घटतो, आणि दाब अजून वर असेल तर मॉनिटर बॅटरी भरली असें मानून बसतो. म्हणून पॅनेलवाल्यांनीं ही मुदत थोडी लांब ठेवावी.

हें सारें झाल्यावर आजींच्या शीतपेटीकडे परत यावें. संध्याकाळीं सात ते सकाळीं सहा, असे अकरा तास धरूं. शीतपेटी ४५ वॅटची, उन्हाळ्यांत निम्मा वेळ चालते असें मानलें तर सरासरी १.९ ॲम्पिअर, म्हणजे रात्रभरांत २१ ॲम्पिअर-तास. दोन पंखे प्रत्येकीं २ ॲम्पिअरचे, आठ तास: ३२. सहा दिवे मिळून अडीच ॲम्पिअर, चार तास: १०. टेलिफोन भरण्यासाठीं ६, पाण्याचा पंप १. बेरीज ७०. १५० च्या बॅटरींतून अर्धे, म्हणजे ७५ काढावयाचे. तेव्हां हिशेब जेमतेम बसतो. पण झोंपतांना इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्याच्यावर कांहीं बोजा नसतां, तरी तो स्वतःसाठीं एक ॲम्पिअर घेतो असें समजा. अकरा तासांत ११, बेरीज ८१. मर्यादा ओलांडली. एवढ्यानें बॅटरी त्याच रात्रीं थांबेल असें नाहीं. पण पुण्याहून निघतांना ती ८० टक्केच भरलेली असेल, तर पहांटे दर्शनाची घाई चालू असतां शीतपेटी बंद पडेल ती अशाच क्षुल्लक कारणानें.

आणि ती पूर्ण भरलेली नसतेच, हें पुष्कळांना मॉनिटर बसविल्यावर प्रथम कळतें. गाडी चार तास चालली म्हणजे मागच्या घराची बॅटरी भरली, असा सर्वत्र समज आहे. मोटारीच्या इंजिनाकडून मागच्या घरापर्यंत आठ मीटर जाणारी आणि आठ मीटर परतणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरा. तिचा विरोध ०.११ ओहम होतो. दहा ॲम्पिअर वाहिले कीं वाटेंतच १.१ व्होल्ट खर्च. पुढून निघालेले १४.२ व्होल्ट मागें तेरावर येतात, आणि तेरा व्होल्टवर शिशाची बॅटरी भरते ती नांवापुरती. तबकडीवर नगरच्या वेशीपाशीं आंत येणारा प्रवाह अवघा दोन-तीन ॲम्पिअर दिसला, तर जाड केबल घालण्याची किंवा मधें दाब वाढवून देणारा चार्जर बसविण्याची वेळ आली आहे असें समजावें. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घेणें हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

मॉनिटरलाही मर्यादा आहेत. त्याच्या मोजणींतल्या बारीक चुका दिवसेंदिवस सांचत जातात. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी बॅटरी पूर्ण भरून त्याला शंभराची खूण पटवून दिली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. बॅटरी म्हातारी होत गेली तरी मॉनिटर तिला दीडशेंचीच समजत राहतो, कारण तसें त्याला सांगितलेलें असतें. याची परीक्षा वर्षांतून एकदां, प्रवास नसतांना, घरींच करावी. बॅटरी पूर्ण भरावी, दोन-तीन पंखे लावून ती सावकाश रिकामी करीत जावी, मधून मधून बोजा काढून कांहीं तास विसांवा द्यावा आणि दाब पाहावा. विसांव्यानंतरचा दाब १२.२ वर आला तेव्हां खर्च ७५ च्या जवळ असेल तर बॅटरी धडधाकट आहे. तो ५० च झाला असेल, तर ती आतां शंभराची उरली आहे. धारणेचा आंकडा बदलून शंभर करावा, आणि रात्रीचा हिशेब पन्नासांत बसवावा. इन्व्हर्टर बंद ठेवून एक पंखा कमी केला आणि टेलिफोन दिवसां वाटेंतच भरून घेतले, तर सत्तराचे अठ्ठेचाळीस होतात, आणि शीतपेटीचे २१ त्यांत जसेच्या तसे राहतात.